करंगळीएवढी ओळ

पूर्णा स्टेशनच्या मालधक्क्यामागच्या भिंतीत अजून चार खिळे आहेत. वरचे दोन वाकलेले, खालचे दोन गंजून भिंतीच्याच रंगाचे झालेले. मधल्या जागेत आता कुठल्याशा बनियनची जाहिरात आहे आणि तिच्यावर कुणीतरी मनापासून मारलेली पिचकारी. संघटनेच्या पानासाठी मी तिथं फोटो काढायला गेले होते. पान कागदाचं नव्हे, संगणकावरचं. "ताई, आंदोलनाच्या जुन्या जागांचे फोटो टाका, लोकांना आवडतंय," असा कमिटीचा हुकूम होता. फोटो काढला. त्यात भिंत आली, जाहिरात आली, पिचकारीसुद्धा आली. खिळे आले नाहीत.

परतीच्या गाडीला तासभर होता. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. चहावाला म्हणाला, "बाई, बसा की एका जागी, गाडी काय तुमच्या फिरण्यानं लवकर यायची हाय?" त्याला काय सांगू, या भिंतीसमोर मला चौदा वर्षं झाली, कधी एका जागी बसताच आलेलं नाही.

दोन महिने झाले, मी परभणीत स्टेशन रोडला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, शबाना मॅडमच्या क्लासला जाते आहे. खाली ज्वारी दळतात, वर आम्ही एचटीएमएल शिकतो. कळफलकावर पिठाचा थर बसतो, मॅडम तो ओढणीच्या टोकानं झटकतात. त्या बावीस वर्षांच्या, मी तिशीची. तरी त्या मॅडम आणि मी ताई. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, आधी पानाला हेड द्यायचं, मग बॉडी. हेडमधलं खाली पानात दिसत न्हाई, पण पान कुणाचं हाय ते त्याच्यावरून वळखू येतं." मला हसू आलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. हे मला आधी शिकवलंय एकानं. खडूनं."

संभाकाका रेल्वेत पॉइंट्समन होते. कुठली गाडी कुठल्या रुळावर जायची, ते त्यांच्या हातातल्या लोखंडी दांड्यावर ठरायचं. ड्यूटी सुटली की कोटाच्या खिशातून खडू निघायचा. ज्या साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या, त्या साली माणसं उठून मिळेल त्या दिशेला गेली. भाऊ एकीकडं, बहीण दुसरीकडं, म्हातारी तिसरीकडंच. त्यांना एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून काकांनी मालधक्क्यामागं पहिला फळा टांगला. मी तेव्हा आठ वर्षांची. मला आठवतं ते एवढंच, की संपलेल्या सेलांमधली काळी पूड आणि बाभळीचा डिंक फळ्याला फासायला आमच्या अंगणात घोटला जात होता, आणि त्याचा वास पुढं कितीतरी दिवस भाकरीला येत होता.

फळा म्हणजे दरवाजाएवढा पत्रा. असेच फळे मग वालूरला लागले, सोनपेठला लागले, आणखी कुठं कुठं लागले. एका फळ्यावर मावतं किती? म्हणून प्रत्येकाच्या तळाशी एक ओळ असायची : पुढचं वालूरच्या फळ्यावर. त्याचं सोनपेठला. ह्याचा निरोप पूर्णेला. वाचणारा ती ओळ वाचून एसटीत बसायचा आणि पुढच्या फळ्याशी उतरायचा. फळ्यांच्या चिठ्ठ्या कंडक्टर न्यायचे, गँगमन न्यायचे, बाजाराला जाणाऱ्या बाया ओच्यात खोचून न्यायच्या. आज मॅडम मला लिंक म्हणजे काय ते समजावतात आणि मी मान डोलावते. या जिल्ह्यात वीज नसलेल्या गावांतही लिंक होती, हे कुठल्या पुस्तकात छापून यायचं नाही. आमचं काहीच कुठं छापून यायचं नाही. पत्रक घेऊन छापखान्यात गेलं की मालक मजकूर वाचायचा आणि मशीन बिघडलंय म्हणायचा. त्याच मशीनवर त्याच दिवशी लग्नपत्रिका निघत असायच्या. जिल्ह्यातली सगळी मशिनं नेमकी आमच्याच पत्रकाला बिघडायची.

दहावी झाल्यावर फळा माझ्या हाती आला. मी पत्रकं लिहायचे, तोंडानं फटकळ होते, आणि माझं अक्षर बरं होतं. काकांनी पहिल्या दिवशी खडू दिलाच नाही. माझा पंजा धरून फळ्यावर टेकवला.

"ह्ये बग. ही वीत. वीतभर अक्षर फलाटावरून दिसतंय. मग चार बोटं, तीन, दोन, एक. आन शेवटचं करंगळीएवढं. सहाच मापं. सातवं माप न्हाई."

"करंगळीएवढं कोण वाचणार, काका?"

"ज्याचं हाय तो. त्यो जवळ येतोच."

फळ्याच्या माथ्यावरची पट्टी ती डोस्कं. तिथं फळ्याचं गाव आणि वार. बाकी सगळं धडात. चौकट उघडली तर मिटवायची; उघडी राहिली की एकाची बातमी दुसऱ्याच्या अंगावर सांडते. एकदा मी चौकट मिटवायला विसरले, आणि सभेच्या जाहीर निमंत्रणात कुणाची तरी हरवलेली म्हैसही वक्ता म्हणून आली. कंडक्टर आठवडाभर विचारत होता, "काय वं पुढारीणबाई, म्हशीचं भाषण झालं का?" आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काकांचा दस्तूर : ज्याची ओळ त्यानं ऐकल्याबिगर पुसायची नाही. ऐकली की ओळीपुढं बरोबरची खूण. खूण पडली की मग फडकं.

मला तो फळा ऋतूंनी आठवतो. थंडीत लोक हुरडा चोळत वाचायचे, आणि कुसं उडून ओल्या अक्षरांना चिकटायची. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पुसून फडकं खाली ठेवेपर्यंत फळा कोरडा. पावसात त्यावर बारदाना टांगलेला, आणि माणसं तो वर करून आत डोकं घालून वाचायची, बाहेर नुसती पाठ भिजत असलेली. मीटरगेजची वाफेची इंजिनं शंटिंग करताना धूर सोडायची, आणि दुपारपर्यंत सकाळची अक्षरं जुनी दिसायला लागायची. खडूची किरकिर, बफरवर बफर आदळल्याचा आवाज, ओल्या फडक्याचा आंबूस वास. आणि मोठ्यानं वाचणं. फळा कुणी मनात वाचत नसे. ज्याला येतं त्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मनात वाचलं की मागून आवाज यायचा, "आरं, तोंड उघड की, आमी काय भिताडाला कान लावायला आलाव?"

मला मात्र घाई असायची. मला फळ्यावर एकच गोष्ट हवी होती, वीतभर अक्षरात. विद्यापीठाचं नाव. ते बदलत नव्हतं. आमची माणसं मार खात होती, आणि शहाणी माणसं आम्हाला विचारत होती, नावात काय आहे? नावात काही नसेल तर तुम्ही इतके का पेटला होता? मी सोळा वर्षांची होते आणि मला हे सगळ्या जगाला एकाच फळ्यावर सांगायचं होतं. आणि तिथं लोक येऊन लिहायला सांगायचे, अमकीला मुलगा झाला. तमक्याची काठी यष्टीत ऱ्हायली.

होळी होऊन गेली होती. दुपारच्या गाडीनं एक बाई उतरली. कडेवर मुलगी, खांद्यावर घोंगडी, अंगाला लोकरीचा वास. सखूबाई नाव. तिचा नवरा धोंडिबा मेंढरं घेऊन गंगाकाठी, सोनपेठच्या अंगाला गेला होता. तिला निरोप लिहायचा होता.

"लिव बाई. म्हणावं, आमी जुन्या जागी न्हाई. पोरगी चांगली हाय." मग तिनं एका गावाचं नाव सांगितलं. "तितं हमीच्या कामावर लागलाव, रोडाच्या. तितंच या. आन म्हणावं, करडी मेंढी इकू नका."

"मेंढी पण लिहू?"

"मंग? त्येच तर लिवायचं. त्यो इकतोय बग तिला."

मी हसले. ती का उठून आली, ते मी विचारलं नाही; तिनंही सांगितलं नाही. डाव्या कोपऱ्यात करंगळीएवढ्या अक्षरात ओळ लिहिली. सोनपेठच्या फळ्यासाठी चिठ्ठी केली : धोंडिबा मेंढके, निरोप पूर्णेच्या फळ्यावर. चिठ्ठी कंडक्टरच्या हातात दिली. सखूबाईनं ओळीवरून बोट फिरवलं, न टेकवता. अक्षर येत नव्हतं तिला. "ह्यात गाव कुठंय?" मी दाखवलं. तिनं ती जागा नीट बघून घेतली आणि आलेल्या दिशेची गाडी धरली. सेलू-वालूरच्या अंगाची.

चार दिवसांनी परभणीहून माणूस आला. मोठी सभा होती, आणि फलाटावर थांबणाऱ्या प्रत्येक गाडीतून घोषणा दिसली पाहिजे होती. पूर्ण फळाभर. काका ड्यूटीवर होते. मी फडकं भिजवलं. डोस्कं सोडून सगळं पुसलं. डाव्या कोपऱ्याशी हात क्षणभर थांबला, हे मला आठवतं. ओळीपुढं खूण नव्हती. मी मनात म्हटलं, सगळा मराठवाडा पेटलाय आणि ह्यांची करडी मेंढी! एक हात फिरला. मग वीतभर अक्षरात लिहिलं, नामांतर झालंच पाहिजे. त्या घोषणेतला 'झालंच' मी इतका जोरात ओढला की खडू मोडला. फलाटावरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अक्षराला टाळ्या मिळाल्या.

पंधरा दिवसांनी दुपारी मालधक्क्यामागं घंटांचा आवाज आला. शंभरेक मेंढरं, दोन कुत्री, आणि पुढं एक उंच, वाळका माणूस. सोनपेठहून नऊ मुक्काम करत तो आला होता. मेंढरं भिंतीला भिडली आणि आमच्या पोस्टरांची खळ चाटायला लागली.

"मामा, आवरा मेंढरं! पोस्टर खायलेत!"

"गव्हाची खळ हाय, खाऊ दे की. लय चाललेत बिचारी." मग पटका सावरून तो फळ्यासमोर उभा राहिला. "बाई, वाच बरं. माजा निरोप हाय म्हणं हितं. धोंडिबा नाव."

तो फळ्याकडं बघत होता. एवढं मोठं अक्षर बघून त्याला आनंद झाला होता.

"येवडं मोठं लिवलंय व्हय तिनं?"

"ते नाही मामा. ती घोषणा आहे."

"मंग माजं?"

मी सांगितलं. जागा हवी होती, पुसलं. पण मला आठवतंय, सगळं आठवतंय. तुमच्या मालकीण आल्या होत्या. मुलगी चांगली आहे. त्या जुन्या जागी नाहीत, रस्त्याच्या कामावर लागल्यात. आणि करडी मेंढी विकू नका म्हणाल्या.

तो हसला. कळपात वाकून त्यानं एका मेंढीचा कान धरला, तिला पुढं ओढलं. "ही बग करडी. तिच्या म्हायेरची हाय. तिनंच सांगितलंय, खरंच तिनंच सांगितलंय." त्याचे डोळे भरले होते. "आन कोणत्या गावाला म्हणली?"

मला गाव आठवलं नाही.

मेंढी आठवत होती, घोंगडीचा वास आठवत होता, ओळीवरून न टेकता फिरलेलं बोट आठवत होतं. ज्या जागी ते नाव होतं ती फळ्यावरची जागासुद्धा दाखवता येत होती. नाव नाही. मी सेलू-वालूरच्या अंगाची चार-पाच गावं म्हणून पाहिली. प्रत्येकाला तो आशेनं वर बघायचा आणि मी मान हलवायचे. "तुमच्या जुन्या गावी जाऊन विचारा ना," मी म्हटलं. "कुणाला? तितं आमच्याशी बोलतंय कोण आता," तो म्हणाला, आणि तेवढंच म्हणाला.

काका ड्यूटीवरून आले. सगळं ऐकलं. मला वाटलं आता हात उचलतील. त्यांनी फडकं उचललं आणि माझी घोषणा डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पुसून टाकली. मग खडू माझ्या हातात दिला.

"लिव."

"काय लिहू?"

"जे पुसलंस त्ये."

मी लिहीत गेले. पोरगी चांगली हाय. करडी इकू नका. तितंच या. आणि गावाच्या जागेवर खडू टेकवून उभी राहिले. खडूचा नुसता ठिपका पडला. मागं मेंढरं खोकत होती.

धोंडिबा तीन दिवस त्या भिंतीशी राहिला. कुणी सांगितलं तर सांगितलं म्हणून येणाऱ्या गाडीतल्या माणसांना विचारायचा. तिसऱ्या दिवशी निघताना मीच रडायला लागले. तर तोच म्हणाला, "आसूं दे बाई. तुमी मोठ्या शाळेच्या नावासाठी भांडायलाव, चांगलंच हाय. मलाबी एका गावाचंच नाव पायजेल व्हतं." घंटा वाजत गेल्या. कुठल्या दिशेला, ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

त्यानंतर मी जिल्हाभर फिरले. सभा घेतल्या, पत्रकं वाटली, लाठ्या खाल्ल्या. लोक म्हणतात, ही पोरगी नामांतरासाठी गावन्‌गाव फिरली. खरं आहे. पण प्रत्येक गावात भाषण झालं की मी विचारायचे, हितं रोडाच्या कामावर सखूबाई म्हणून कुणी होती का? वालूरला एक म्हातारी म्हणाली, होती अशी एक, पोरगी होती कडेवर, काम संपलं तशी गेली. पुढं कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं. संभाकाका रिटायर होऊन गेले, मग कायमचेच गेले. पत्रा कुणी नेला ते कळलं नाही. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला. ज्या दिवशी तो झाला त्या दिवशी परभणीत पेढे वाटले गेले, मीही वाटले. पेढे संपले तरी मी हात पुढं करून रस्त्यानं चालतच होते.

आणि कुणी याचा भलता अर्थ काढू नये. घोषणा चूक नव्हती. आजही चूक नाही. ती पुन्हा लिहायची वेळ आली तर वीतभरच लिहीन. तिच्यासाठी मी कुणाचा कोपरा घेतला, तेवढंच चूक होतं. चळवळीच्या विरोधकांनी माझी ही गोष्ट टाळ्या वाजवत वापरू नये. त्यांनी तर आख्खी गावं पुसली आहेत.

काल पान पुरं झालं. डोस्क्यात संघटनेचं नाव, धडात आंदोलनाची हकिगत, फोटो, मागण्या. मॅडमनी एकदा तपासलं. सगळे टॅग, म्हणजे पानातल्या चौकटी, मिटलेले होते. "ताई, तुम्ही एकबी टॅग उघडा ठेवत न्हाई, बाकीच्या पोरी लय ठेवतात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अजून एक ओळ आहे.

"किती नंबरचं हेडिंग?"

"सहा."

"सहा लय बारीक दिसतं ताई. कुणी वाचत न्हाई."

"ज्याचं आहे तो जवळ येतो."

डाव्या कोपऱ्यात टंकलं : धोंडिबा मेंढके यांस, सखूबाईचा निरोप आहे. पोरगी चांगली हाय. करडी इकू नका. तितंच या. जो वाचेल त्यानं मोठ्यानं वाचावं. 'तितंच' या शब्दाला लिंक दिली. तो निळा झाला, त्याच्याखाली रेघ आली. मॅडमनी त्यावर दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"ही कुठंच जात न्हाई. आत पत्ता कुठाय?"

"पत्ता मी पुसलाय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, खाली गिरणी चालू असताना, मोठ्यानं. धोंडिबाला अक्षर येत नाही, हे मला माहीत आहे. तो जिवंत आहे का ते माहीत नाही. ज्या संगणकात आपली अक्षरं भरलेली नाहीत त्यावर ही ओळ किड्यामुंग्यांसारखी दिसेल, हेही मॅडमनी मला शिकवलंय. पण ती कडेवरची मुलगी आता सोळा-सतरा वर्षांची असेल. तिला कुणी शाळेत घातलं असेल तर तिला वाचता येत असेल.

आज सकाळी कमिटीतून क्लासवर फोन आला. मॅडमनी घेतला, नुसतं हं हं केलं आणि माझ्याकडं वळल्या. "ते म्हणतात, ती मेंढीची वळ कसली? काढून टाका म्हणतात. त्या जागेवर अध्यक्षांचा फोटो बसतो म्हणतात." त्यांचं बोट कळफलकावर होतं. "काढू का, ताई?"

"न्हाई," मी म्हटलं. "अजून खूण पडलेली न्हाई."

त्यांनी बोट उचललं. खालून पिठाचा लोट आला आणि संगणकाच्या पडद्यावर बसला. मॅडमनी ओढणीचं टोक घेऊन पडदा नीट पुसला, वरपासून खालपर्यंत, डाव्या कोपऱ्यातसुद्धा.

ओळ तशीच राहिली.